घरच्या कॉम्प्युटरचं वॉटर कूलिंग : एक ओला अनुभव

पीएल लागली आणि मी बॅगेत पुस्तकं कमी आणि हार्ड डिस्क जास्त भरून नागपूरला घरी गेलो. आमच्या ग्रुपचा फायनल इयर प्रोजेक्ट म्हणजे सेंट्रिफ्युगल पंपाच्या इम्पेलरमधून पाणी कसं वाहतं याचं सिम्युलेशन. ते ओढू शकेल असा कॉम्प्युटर आम्हा चौघांत फक्त माझ्या घरी होता. रन होता ३८ तासांचा. महिना मे, बाहेर ४४ डिग्री. मी रन चालू केला, दोन दिवस कॉम्प्युटरला कोणी हात लावायचा नाही असं घरात जाहीर केलं आणि निवांत झालो.

३१व्या तासाला, पहाटे सव्वाचारला, कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. डिस्क भरू नये म्हणून रिझल्ट सेव्ह करायचं अंतर मी इतकं लांब ठेवलं होतं की ३१ तासांतलं हाताला काहीच लागलं नाही. सकाळी कॅबिनेट उघडून पाहिलं, तर वॉटर कूलिंगचा पंप जाम! पंपाचं सिम्युलेशन करणाऱ्याचा पंपच बंद पडलेला. सबमिशनला उरले होते नऊ दिवस. ग्रुपमधल्या मित्राला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "अबे, हे व्हायवात नको सांगू."

व्हायवात नाही सांगितलं. पण त्या नऊ दिवसांत सगळी सिस्टिम उघडून, धुऊन, बदलून, मोजून जे काही शिकलो ते इथे सांगतो. हॉस्टेलमध्ये वॉटर कूलिंगची हौस असणारे बरेच आहेत, आणि जुनं किट विकायला बसलेले सीनियरही आहेत. (मीही असंच एका सीनियरकडून घेतलं होतं!)

आधी मुळात पाणी कशाला?

माझ्या कॉम्प्युटरमध्ये रायझन ७ ५८००एक्स हा प्रोसेसर आहे. पूर्ण लोडवर तो सॉकेटमधून १४२ वॅटपर्यंत वीज घेतो. त्यातली शंभर ते एकशेवीस वॅट उष्णता जिथे तयार होते ती सिलिकॉनची चकती साधारण ८० चौरस मिलिमीटरची, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. हिशोब केला तर दर चौरस सेंटिमीटरला सव्वाशे ते दीडशे वॅट. आता आपल्या (वॉर्डनपासून लपवलेल्या) १००० वॅटच्या इस्त्रीचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा धरा. तिथे होतात दर चौरस सेंटिमीटरला फक्त ५ वॅट. म्हणजे इस्त्रीपेक्षा पंचवीस-तीस पट दाट उष्णता, आणि तरी चिप ९० डिग्रीच्या आत ठेवायची. या प्रोसेसरची कमाल मर्यादा तेवढीच आहे. ९० ला पोचला की तो स्वतःचा वेग आणि वीज कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही तापमान चढतच राहिलं तर शेवटी स्वतःला बंद करतो.

एवढ्याशा जागेतली उष्णता उचलून मोठ्या जागेवर पसरवायची, एवढंच कुठल्याही कूलरचं काम. पाणी यात हुशार, कारण एक लिटर पाणी एका डिग्रीने तापायला जितकी उष्णता घेतं, तितक्याच उष्णतेत सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एका डिग्रीने तापते. म्हणून बोटाएवढ्या नळीतून वाहणारं पाणी ते काम करतं, ज्याला हवेचा मोठा झोत लागला असता.

ही काही गेमिंगवाल्यांची नवी टूम नाही. आयबीएमच्या १९८० च्या ३०८१ या मेनफ्रेममध्ये चिपांची उष्णता पाण्याने नेली जायची. १९८५ चा क्रे-२ तर फ्लुओरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात चक्क बुडवलेला असायचा. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेल्या 'परम ब्रह्म'लाही थेट द्रवाने थंड करायची पद्धत आहे. घरगुती हौशी मंडळी यात उतरली ती २००० च्या आसपास. तेव्हा तयार भाग फारसे मिळत नसत, म्हणून लोक गाडीच्या हीटरचा छोटा रेडिएटर आणि फिश टँकचा पंप जोडून जुगाड करायचे.

"पाणी तर गरमच आहे!"

पंप बंद पडला त्या सकाळी आईने टाकीला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "अरे, हे पाणी त कोमटही नाही, गरमच होऊन राहिलं. कूलरचं पाणी कसं गार असते!"

नागपूरच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. आमच्याकडे कूलर म्हणजे लोखंडी पेटी, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या नाहीतर लाकडी भुशाच्या ताट्या, वरून टपटपणारं पाणी आणि मागे गरगरणारा पंखा. त्यात पाण्याची वाफ होते, वाफ होताना पाणी उष्णता शोषतं, म्हणून हवाही गार होते आणि पाणीही. त्याची खालची मर्यादा म्हणजे वेट बल्ब टेम्परेचर. ४४ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ते साधारण २३ डिग्री येतं. (म्हणूनच मे महिन्यात कूलर जीव वाचवतो आणि जुलैत नुसता चिकचिकाट करतो.)

कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगमध्ये मात्र पाणी बंद नळ्यांत असतं. वाफ होत नाही, काही शोषलं जात नाही. पाणी फक्त हमालाचं काम करतं. चिपजवळ उष्णतेचं पोतं उचलायचं, रेडिएटरपर्यंत न्यायचं, हवेच्या ताब्यात द्यायचं आणि रिकाम्या हाताने परत यायचं. रेडिएटरला लागणाऱ्या हवेपेक्षा ते पाणी कधीच गार होऊ शकत नाही. सेकंड लॉ ऑफ थर्मोडायनॅमिक्स नागपूरलाही लागू आहे!

हे एकदा डोक्यात बसलं की सगळं वॉटर कूलिंग एका ओळीत मावतं :

चिपचं तापमान = रेडिएटरला लागणारी हवा + हवा आणि पाणी यांतला फरक + पाणी आणि चिप यांतला फरक.

पहिली संख्या खोली ठरवते. दुसरी रेडिएटर आणि पंखे ठरवतात. तिसरी चिपवर बसवलेला ब्लॉक, मधली पेस्ट आणि खुद्द चिप ठरवते. अपग्रेड करायचं म्हणजे या तिघांपैकी कोणाला तरी कमी करायचं. पण कोण जास्त त्रास देतंय हे कळल्याशिवाय पैसे खर्च करणं म्हणजे पेपर न वाचता उत्तर लिहिणं.

पाणी गार असायलाच हवं असंही नाही. म्युनिकजवळच्या गार्खिंगमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या सुपरएमयूसी या सुपरकॉम्प्युटरला ४५ डिग्रीपर्यंतचं पाणी देऊन थंड ठेवत. चिप ९० पर्यंत चालते, मग ४५ डिग्रीचं पाणी तिच्या दृष्टीने गारच! वर ते पाणी पुन्हा गार करायला महागडे चिलर लागत नाहीत, बाहेरची हवाच पुरते.

पंप का जाम झाला?

पंप उघडला तर आत राखाडी-पांढरा, शिळ्या खिरीसारखा गाळ. ब्लॉकच्या बारीक खाचांतही तोच. रेडिएटर झटकला तर त्यातूनही तेच बाहेर पडलं, आणि एका जोडाशी ओल दिसत होती.

सीनियरने दिलेला ब्लॉक तांब्याचा होता. रेडिएटर काळ्या रंगाचा होता, आणि तोही तांब्याचाच असणार असं मी गृहीत धरलं होतं. कोपऱ्यावर ब्लेडने रंग खरवडला, तर आत लालसर तांबं किंवा पिवळं पितळ नाही. पांढरं चकचकीत ॲल्युमिनियम! उचलल्यावरच इतका हलका लागत होता, तेव्हाच कळायला हवं होतं.

फर्स्ट इयरची केमिस्ट्री आठवा. तांब्याचं स्टँडर्ड इलेक्ट्रोड पोटेन्शियल +०.३४ व्होल्ट, ॲल्युमिनियमचं −१.६६. मधला फरक बरोबर २ व्होल्ट. जर्नलमध्ये आपण सगळ्यांनी जो डॅनियल सेल काढला (आणि बहुतेकांनी कॉपी केला), त्याचा फरक १.१० व्होल्टच असतो. दोन धातू, मध्ये क्षार असलेलं पाणी, आणि कॅबिनेटच्या पत्र्यातून दोघांचा विजेचा संपर्क. मी कूलिंग सिस्टिम बसवली नव्हती, कॅबिनेटमध्ये बॅटरी बसवली होती. तिचा ॲनोड म्हणजे रेडिएटर, आणि तो दोन वर्षं हळूहळू विरघळत होता. तो गाळ ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडचा. त्यात भर म्हणजे मी घातलेलं नळाचं पाणी. विरघळलेले क्षार, क्लोरीन, सगळं आयतंच. आणि निळं दिसावं म्हणून चार थेंब फूड कलर!

मग लगेच प्रश्न येतो की बाजारात जे सीलबंद लिक्विड कूलर मिळतात, त्यांतल्या कित्येकांत तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर असतो, ते कसं चालतं? चालतं, कारण आत कारखान्यातच मोजून घातलेलं, गंज रोखणारी रसायनं असलेलं द्रव असतं, ते सीलबंद असतं, आणि तो कूलर काही वर्षांनी अख्खा बदलायचा असंच गृहीत असतं. आपण घरी जोडलेल्या सिस्टिममध्ये तशी रसायनं घातली तरी गंज लांबतो, टळत नाही. म्हणून नियम सोपा : तांबं, पितळ आणि निकेल चढवलेलं पितळ एकत्र चालतात. ॲल्युमिनियम त्यांच्यात नको.

आधी मोजलं, मग पैसे काढले

नवीन भाग यायला पाच दिवस लागणार होते. तोपर्यंत हात चोळत बसण्यापेक्षा पंप आणि ब्लॉक धुऊन, डिस्टिल्ड वॉटर भरून, जुनीच सिस्टिम अर्ध्या-अर्ध्या तासासाठी चालवली आणि मोजमाप घेतलं. टाकीत मत्स्यालयाचा थर्मामीटर, रेडिएटरच्या तोंडाशी दुसरा आणि खोलीत तिसरा. चिपचं तापमान आणि वॅट सॉफ्टवेअर दाखवतंच. दुपारी कूलर बंद ठेवला, खोली ३८ डिग्री. (घरच्यांनी तेवढा वेळ शेजाऱ्यांकडे काढला.)

पहिलं माप. कॅबिनेट नेहमीच्या जागी, म्हणजे कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात, पाठ भिंतीला. पाणी ५८, चिप ९० आणि थ्रॉटलिंग चालू. प्रोसेसर ११५ वॅटच्या वर जाईना. पण खरी गंमत वेगळीच होती. खोली ३८ ला असताना रेडिएटरला लागणारी हवा ४५ डिग्रीची होती! बाहेर फेकलेली गरम हवा कप्प्यातच फिरून परत आत येत होती.

दुसरं माप. कॅबिनेट कप्प्यातून ओढून खोलीच्या मध्ये ठेवलं आणि रेडिएटरच्या जाळीतली दोन वर्षांची धूळ ब्रशने काढली. पाणी ५२ वर उतरलं. चिप अजून ९० लाच होती, पण आता ती १३७ वॅट घेत होती. खर्च : शून्य रुपये.

खोली आणि पाणी यांत २० डिग्रीचा फरक होता, त्यातले ६ नुसतं टेबल सरकवून गेले. माझ्या डोक्यात तोपर्यंत नवीन महागडा ब्लॉक घ्यायचं चाललं होतं. बाबांनी थर्मामीटरकडे पाहून एवढंच म्हटलं, "म्हणजे सुताराचा दोष होता."

काय घेतलं आणि का

रेडिएटर : २४० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा काढून ३६० चा तांब्या-पितळेचा. म्हणजे १२० मिलिमीटरचे दोन पंखे होते, ते तीन झाले. उष्णता शेवटी हवेला इथेच दिली जाते, म्हणून पैसे घालायचे तर आधी इथे. पृष्ठभाग वाढला की पंखे हळू फिरवूनही भागतं, आणि रात्री घरचे झोपू शकतात.

पंप : डी-५ जातीचा, १२ व्होल्टचा, वेग कमी-जास्त करता येणारा. इथे बहुतेक जण फसतात. "जोरदार पंप, जास्त थंड" असं वाटतं. हिशोब करा. मिनिटाला १ लिटर पाणी वाहत असेल तर १४० वॅटने ते २ डिग्रीने तापतं. प्रवाह दुप्पट केला तर १ डिग्रीने. म्हणजे पंप दुप्पट जोरात चालवून त्या जागी मिळाला फक्त १ डिग्री. ब्लॉकमध्ये वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा थोडा फायदा होतो, पण तोही लवकरच संपतो, आणि पंपाने खाल्लेली वीज शेवटी पाण्यातच उष्णता म्हणून उतरते. मी तो निम्म्याहून कमी वेगावर ठेवला आहे. याच हिशोबाने रेडिएटर आधी की ब्लॉक आधी या वादातही अर्थ नाही, कारण सगळीकडचं पाणी एक-दोन डिग्रीच्या फरकात असतं. नियम एकच : टाकी पंपाच्या वर हवी, म्हणजे पंपात हवा अडकत नाही. पंप कोरडा चालवला तर बेअरिंग गेलंच म्हणून समजा, कारण त्याला वंगण पाण्याचंच.

नळ्या : जुन्या पारदर्शक पीव्हीसी नळ्या काढल्या. त्यांना मऊ ठेवणारं रसायन हळूहळू पाण्यात उतरतं, नळी धुरकट होते आणि ब्लॉकच्या खाचांत चिकट थर बसतो. त्याऐवजी काळ्या ईपीडीएम रबराच्या. आतलं काही दिसत नाही, शोभा शून्य, पण वर्षानुवर्षं टिकतात.

जोड : सगळे जी १/४ आट्यांचे, निकेल चढवलेल्या पितळेचे. हे हाताने घट्ट करायचे. पान्याने आवळले की आतली रबरी रिंग चेपते आणि मग तिथूनच गळतं.

पाणी : डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारं तयार द्रव, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. रंग नाही.

ब्लॉक : जुनाच. तांब्याचा होता, तो सोडवून टूथब्रशने घासला. एका मित्राने त्याचा महागडा ब्लॉक दोन दिवस वापरायला दिला होता, तोही लावून पाहिला. फरक पडला २ ते ३ डिग्री. परत दिला.

एकूण खर्च बावीस हजारांच्या आसपास, सगळा इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून. गोवा ट्रिप रद्द!

गळतीची परीक्षा

भाग आले तेव्हा सबमिशनला चार दिवस राहिले होते. रन ३८ तासांचा. सगळं जोडून झालं तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. मित्राचा फोन, "लाव ना बे लवकर!" मोह झालाच. पण लीक टेस्ट न करता चालू केलं नाही, हे या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य.

पद्धत अशी. मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड यांच्या सगळ्या वायर काढायच्या. पॉवर सप्लायला फक्त पंप जोडायचा. मदरबोर्डशिवाय पॉवर सप्लाय चालू करायला २४ पिनांच्या जोडात बसणारा छोटा जंपर प्लग मिळतो, तो स्वस्त आहे. यूपिन वाकवून भलत्या पिनांत घालू नका. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर पसरायचा, पंप चालू करायचा, कॅबिनेट इकडे-तिकडे कलवून अडकलेले बुडबुडे बाहेर काढायचे आणि वाट पाहायची. चोवीस तास उत्तम. माझ्याकडे तेवढे नव्हते, मी बारा ठरवले.

तिसऱ्या तासाला रेडिएटरच्या जोडाखालचा टिश्यू ओला झाला. थेंब पडत होता तो थेट ग्राफिक्स कार्डवर. पण कार्डात वीज नव्हती, म्हणून काही बिघडलं नाही. पाणी काढलं, जोड सोडवला, रबरी रिंग आट्यांत तिरकी चेपली गेली होती ती बदलली, कार्ड पुसून पंख्याखाली वाळवलं. पुन्हा भरलं, पुन्हा बारा तास. "डिस्टिल्ड वॉटर वीज वाहत नाही, मग भीती कसली?" असं म्हणणारे भेटतील. बाटलीतलं नाही वाहत. पण नळ्यांतून फिरल्यावर त्यात धातूचे आयन आणि धूळ मिसळते, वर घातलेलं द्रव असतंच. ते वाहतं.

त्या रात्री घाई केली असती तर कॉम्प्युटर गेला असता, प्रोजेक्ट गेला असता, आणि चौघांचं सेमिस्टर माझ्यामुळे अडकलं असतं. आजही तो ओला टिश्यू आठवला की पोटात गोळा येतो.

निकाल

खोली पुन्हा ३८ ठेवून मोजलं. पाणी ४५, चिप ८४, प्रोसेसर पूर्ण १४० वॅटवर. थ्रॉटलिंग बंद. मग घरचा कूलर चालू केला, खोली ३० वर आली. पाणी ३७, चिप ७६. म्हणजे कूलरने खोलीतून जेवढे ८ डिग्री काढले, तेवढेच्या तेवढे चिपवरूनही गेले. आई म्हणाली, "म्हणजे शेवटी कूलरच कामी आला ना?" आला! वरची ती एक ओळ आईने थर्मोडायनॅमिक्स न शिकता सांगितली.

फक्त कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर घेऊ नका. त्यातले पाण्याचे बारीक कण आत जातात आणि वाळल्यावर क्षार सोडतात. खोली गार करा, कॅबिनेट कडेला ठेवा.

लहान भावाने सुचवलं होतं की टाकीभोवती बर्फ ठेवू. तोही हिशोब केला. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो. १४० वॅट म्हणजे तासाला ५०४ किलोज्यूल, म्हणजे तासाला दीड किलो बर्फ. पूर्ण रनला सत्तावन्न किलो! शिवाय नळ्या हवेच्या दवबिंदूखाली गेल्या की बाहेरून घाम सुटतो, तो टपकतो मदरबोर्डवर. म्हणजे गळती नसतानाही गळती.

आणि वाफेने थंड करणाऱ्या कूलरची युक्ती थेट पाण्यालाच लावता येणार नाही का? येते. आमच्या नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राचे कूलिंग टॉवर तेच करतात. पण तिथे पाण्यातले क्षार सांभाळायला माणसं आणि रसायनं असतात. घरी तेच केलं तर आठवड्यात शेवाळ, आणि पुन्हा पंप जाम.

आता खरं सांगायचं तर

सिम्युलेशनला आधी ३८ तास लागणार होते. अपग्रेडनंतर साडेछत्तीस लागले. प्रोसेसर ११५ ऐवजी १४० वॅट घेतो म्हणून तितक्याच पटीने वेगवान होत नाही. शेवटचे वॅट फार थोडा वेग देतात. म्हणजे बावीस हजारांत दीड तास! त्यातला बराचसा तर टेबल सरकवूनच मिळाला असता. शिवाय १४० वॅटच्या प्रोसेसरला चांगला, मोठा, दोन मनोऱ्यांचा एअर कूलरही पुरतो. तो चार-पाच हजारांत येतो आणि त्यात बंद पडायला पंपच नाही. (त्याच्या हीट पाइपमध्येही थोडं पाणी असतंच. तिथे ते वाफ होऊन वर जातं आणि थिजून परत येतं, कुठल्याही मोटरशिवाय.)

मग मी का केलं? एक तर हौस. दुसरं म्हणजे माझ्याकडे ब्लॉक होताच. पण तुम्ही नव्याने विचार करत असाल तर क्रम असा ठेवा. आधी धूळ आणि हवेची वाट. मग खोली. मग पेस्ट. मग रेडिएटर. सर्वांत शेवटी ब्लॉक. आणि पहिल्या पायरीआधी एक थर्मामीटर. ज्यांच्याकडे आधीच सिस्टिम आहे त्यांनी आजच रेडिएटरचा कोपरा खरवडून बघा. पांढरं दिसलं आणि ब्लॉक तांब्याचा असेल, तर परीक्षेच्या आधी रिकामी करा, परीक्षेत नको. पाणी वर्षातून एकदा बदला. आणि हो, रिझल्ट तासातासाला सेव्ह करा. तो उपाय फुकट आहे आणि माझे ३१ तास त्यानेच वाचले असते.

सबमिशन वेळेत झालं. व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पंपाचा डिस्चार्ज अचानक कमी झाला तर तू पहिल्यांदा काय तपासशील?"

शेजारी मित्र खाली मान घालून हसू दाबत होता. मी म्हटलं, "सर, आत गाळ आहे का ते."

सर म्हणाले, "बरोबर. मुलं एकदम कॅव्हिटेशनवर उडी मारतात."